मॅट्रिकच्या आधी

शाळकरी मुलाने शाळा न सोडता महाविद्यालयाचे पाठ घ्यावेत की नाही, हा अमेरिकेतील जुना वाद आहे. १९८५ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून अशा मुलांच्या शुल्काचा भार सरकारी तिजोरीवर घेतला आणि पुढे इतर राज्यांनीही थोड्याफार फरकाने तोच मार्ग धरला. आपल्याकडील वाचकास ही तजवीज अपूर्व वाटेल. परंतु शाळा व महाविद्यालय एकाच संस्थेच्या छताखाली नांदत असल्याचा काळ मुंबईने पाहिलेला आहे, आणि तो निकृष्ट होता असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली गव्हर्नरीवरून निवृत्त झाले, तेव्हा पाश्चात्त्य विद्या शिकविणाऱ्या प्राध्यापकांसाठी मुंबईकरांनी वर्गणीचा मोठा निधी उभारला. त्यातून ऑर्लीबार व हार्कनेस हे दोघे १८३५ साली विलायतेहून आले आणि टाउन हॉलमध्ये त्यांचे वर्ग भरू लागले. १८४० साली हे वर्ग व नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा एकत्र होऊन जी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन झाली, तिच्यात खालच्या इयत्तेतील मुलगा वरच्या अध्ययनाकडे जाताना त्याला अडवून दाखला मागणारे विद्यापीठच अस्तित्वात नव्हते. हुशार मुलांना क्लेअर साहेबांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. ती मिळविणाऱ्यांपैकी दादाभाई नौरोजी याच संस्थेत शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि पुढे गणिताचे प्राध्यापकही झाले.

१८५६ साली शाळा व कॉलेज यांची रीतसर वाटणी झाली, पुढच्याच वर्षी विद्यापीठाची सनद आली, आणि १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढे घरोघर ‘मॅट्रिक’ या नावाने धास्तीचा विषय झालेली ती परीक्षा, घेण्यात आली. तीत उत्तीर्ण झालेल्यांची यादी पाहण्यासारखी आहे. सतरा वर्षांचे महादेव गोविंद रानडे तीत होते हे समजण्याजोगे; परंतु १८५३ सालीच रत्नागिरीहून येऊन या संस्थेत दाखल झालेले आणि आता बाविशीत असलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही तीत होते! ज्या विद्यामंदिरात हा गृहस्थ इतकी वर्षे वावरला, तेथील उच्च अध्ययनास तो पात्र आहे की नाही, हे नव्या दफ्तराला कागदावर हवे होते. १८६२ साली हे दोघे पहिल्या पदवीधरांत आले. सीमारेषा आखली गेली ती विद्यार्थ्याच्या बुद्धीची वाढ पाहून नव्हे, परीक्षेच्या सोयीसाठी, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच ती ओलांडू द्यावी की नाही, यापेक्षा पलीकडे शिकविणारा कोण आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ऑर्लीबारांसारखा गणिती समोर असेल तर मुलाचे वय विचारण्याचे कारण नाही. नसेल तर वर्गावर कॉलेजची पाटी लावून काय साधणार?

ही रेषा पुढेही स्थिर राहिली नाही. १९१७ ते १९१९ या काळात कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करणाऱ्या सॅडलर आयोगाने ती मॅट्रिकवरून उचलून इंटरमीजिएटवर नेण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात १९७५ साली नवा आकृतिबंध आला, तेव्हा अकरावी-बारावीचे वर्ग कोठे हायस्कुलांना तर कोठे पदवी महाविद्यालयांना जोडण्यात आले. त्यामुळे एकाच इयत्तेतील काही मुले शाळेच्या घंटेवर चालत राहिली, काही बी.ए.च्या विद्यार्थ्यांच्या शेजारी कँटीनमध्ये बसू लागली, आणि बारावीची परीक्षा मात्र दोघांचीही एकाच मंडळाने घेतली.