मागच्या चाकांची मोहीम

आमच्या घरीं पुष्कळ वर्षें एक जुनी मोटार होती. इंजिन पुढें, पण गति मात्र मागच्या चाकांना. मधून एक लांब दांडा जात असे आणि त्याचा उंचवटा मागच्या आसनापुढें पायांत येई. मधल्या माणसानें पाय कोठें ठेवावे हा आमच्या कुटुंबांतला कायमचा तंटा होता. एका श्रावणांत वरंध घाट उतरतांना मीं एका ओल्या वळणावर नको तेव्हां अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीचें शेपूट दरीच्या बाजूस निघालें. शेजारीं वडील बसले होते. ते ओरडले नाहींत. “पाय सावकाश काढ, आणि शेपूट जिकडे जातें आहे तिकडे स्टिअरिंग वळव,” एवढेंच म्हणाले. गाडी सरळ झाली. घाम पुसून मीं विचारलें, “अण्णा, ब्रेक दाबला असता तर?” “तर हें विचारायला तूं राहिला नसतास,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहूं लागले.

शेपूट निसटूं पाहणाऱ्या मोटारींविषयींचें माझें कुतूहल त्या दिवसापासूनचें. इतिहासाच्या अध्यापकानें मोटारींच्या शर्यतींवर लिहावें हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या पक्षाचा पराभव झाला असें सारेजण समजतात त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न इतिहासाचाच आहे, मग तो पक्ष दरबारांतला असो कीं घाटांतला.

रॅली ही वर्तुळाकार मैदानावरची शर्यत नव्हे. डोंगरांतले नेहमींचे वापरांतले रस्ते कांहीं तास बंद करून त्यांवरून एकेक मोटार घड्याळाविरुद्ध सोडतात. रस्ता डांबरी असेल, खडीचा असेल, बर्फाचा असेल. चालकाच्या शेजारीं बसलेला सहचालक आधीं टिपून ठेवलेलीं वळणें मोठ्यानें वाचीत असतो. अशा रस्त्यावर मोटारीची ओढ कोणत्या चाकांत असावी? पुढच्या चाकांत असली तर मोटार बैलगाडीसारखी असते. ओढणारा पुढें, गाडा त्याच्या मागें मुकाट्यानें येतो. मागच्या चाकांत असली तर ती हातगाडीसारखी असते. ढकलणारा मागें, त्यामुळें जोर भरपूर लागतो. पण वळणावर ढकलणाऱ्याचा तोल गेला कीं गाडी आडवी झालीच. ज्या मोटारींना जी. टी., म्हणजे ग्रान तुरिस्मो, म्हणतात त्या दोन माणसांनीं लांबचा प्रवास वेगानें करावा म्हणून घडविलेल्या. त्यांतील नामांकित बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या.

माँटे कार्लोची रॅली १९११ सालीं सुरू झाली. १९६० नंतरच्या दशकांत तेथें पुढच्या चाकांनींच राज्य केलें, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. १९६२ व १९६३ सालीं स्वीडनची साब जिंकली, १९६४, १९६५ आणि १९६७ सालीं इंग्रजांची चिमुकली मिनी जिंकली. बर्फांत पुढची ओढच खरी, असें त्या वेळीं शहाणे लोक म्हणत असतील तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. आणि मग १९६८ सालीं व्हिक एल्फर्ड या इंग्रज चालकानें पोर्शे ९११ घेऊन तीच रॅली जिंकली. पुढचीं दोन वर्षें, १९६९ व १९७० मध्यें, स्वीडनच्या ब्यर्न वाल्डेगार्डनें तसल्याच मोटारीनें विजय मिळविला. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

पोर्शेचें रहस्य साधें आहे. तिचें इंजिन मागच्या आंसाच्याहि मागें टांगलेलें असतें. म्हणजे जीं चाकें ढकलतात त्यांच्याच डोक्यावर इंजिनाचें ओझें. निसरड्या चढावर हें ओझें चाकाला जमिनींत रुतवून धरतें. उताराच्या वळणावर मात्र तेंच ओझें लंबकासारखें बाहेर झोकूं पाहतें. जो चालक त्या झोक्याला भीत नाहीं, उलट तो आधींच देऊन मोटारीचें तोंड वळणाच्या आंत आणतो, त्याला ही मोटार वश होते. इतरांना ती खड्ड्यांत घालते. फ्रान्समध्यें दिएप येथें बनणारी आल्पिन ए ११० हीहि त्याच जातीची; पोलादी कण्यावर काचतंतूंचें हलकें कवच आणि मागें रेनोचें इंजिन. १९७३ सालीं रॅलीच्या जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा प्रथम सुरू झाली तेव्हां पहिल्याच माँटे कार्लो रॅलींत आल्पिननें पहिले तिन्ही क्रमांक घेतले आणि वर्षाच्या अखेरीस निर्मात्यांचें अजिंक्यपदहि. त्या पहिल्या रॅलीचा विजेता झाँ-क्लोद आंद्र्युए; त्याच्या शेजारीं टिपणें वाचणारी एक स्त्री होती, मिशेल पेती, जिला सारे ‘बिश’ या टोपणनांवानें ओळखत.

नंतर आली लान्चिया स्ट्रॅटोस. ही तर रॅलीसाठींच जन्मलेली. बेर्तोनेच्या कार्यशाळेंत मार्चेल्लो गांदिनीनें रेखाटलेली पाचरीसारखी आकृति, पाठीशीं फेरारीचें सहा सिलिंडरांचें इंजिन, आणि पुढच्या व मागच्या आंसांमध्यें अंतर अवघें २.१८ मीटर. इतकी आंखूड मोटार घाटांतल्या वळणांत भोंवऱ्यासारखी फिरे. १९७४, ७५ व ७६ हीं तीन अजिंक्यपदें तिचीं, आणि १९७५ पासून लागोपाठ तीन वर्षें माँटे कार्लोचा विजेता तिचाच चालक सांद्रो मुनारी. या मोटारी नियमांच्या भाषेंत ‘चौथ्या गटांत’ मोडत. तो गट खास जी. टी. मोटारींचाच होता. म्हणजे त्यांना कायद्यानें घर होतें. पुढें जें घडलें तें समजण्यास ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

१९८० सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत आऊडीनें क्वात्रो नांवाची मोटार मांडली. तिच्या चारी चाकांना गति होती. १९८१ च्या फेब्रुवारींत हानु मिक्कोलानें तिच्या साहाय्यानें स्वीडनची रॅली जिंकली. त्याच वर्षीं सान रेमोच्या रॅलींत मिशेल मुतों हिनें क्वात्रोवर विजय मिळविला. जागतिक स्पर्धेची रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. लोकप्रिय इतिहास येथें संपतो. क्वात्रो आली, तिनें पाहिलें, तिनें जिंकलें, आणि मागचीं चाकें त्या दिवसापासून इतिहासजमा झालीं, असें पुस्तकांत वाचावयास मिळतें.

तारखा मात्र निराळें सांगतात. १९८१ च्या ज्या माँटे कार्लो रॅलींत क्वात्रो प्रथम जागतिक स्पर्धेंत उतरली ती जिंकली झाँ रान्योतीनें, मागच्या चाकांच्या रेनो ५ टर्बोवर. १९८२ सालीं चालकांचें अजिंक्यपद जर्मनीच्या वाल्टर रोर्लला मिळालें. त्याची ओपेल आस्कोना ४०० ही मागच्या चाकांची मोटार होती. त्याची प्रतिस्पर्धी होती मुतोंच. तिनें त्या वर्षीं पोर्तुगाल, ग्रीस व ब्राझील येथील रॅली जिंकल्या होत्या. आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या सुमारास तिचे वडील वारले. ती तरीहि निघाली, आघाडीवर राहिली, आणि अखेरीस तिची मोटार रस्त्याबाहेर गेली. रॅली रोर्लची झाली, अजिंक्यपदहि त्याचें. त्या वर्षाचा निकाल वाचतांना यंत्राचा जयपराजय कोणता आणि दैवाचा कोणता हें वेगळें काढणें मला अजून जमलेलें नाहीं.

१९८३ हें वर्ष तर अधिकच बोलकें आहे. लान्चियाच्या लोकांनीं ०३७ नांवाची नवी मोटार आणली. इंजिन मधें, गति मागच्या चाकांना, हवा कोंबण्यास सुपरचार्जर. माँटे कार्लोचे रस्ते त्या वर्षीं बव्हंशीं कोरडे होते. रोर्ल पहिला आला आणि मार्कू आलेन दुसरा. वर्षभरांत ०३७ नें पांच रॅली जिंकल्या. शेवटीं गुणांची बेरीज झाली तेव्हां लान्चियाचे ११८ आणि आऊडीचे ११६. दोन गुणांनीं मिळालेलें तें निर्मात्यांचें अजिंक्यपद मागच्या चाकांचें शेवटचें. खर्ड्याला मराठे जिंकले म्हणून पुढील काळ त्यांचा झाला नाहीं, तसेंच हें. पण खर्डा झालाच नाहीं असें लिहिणारा इतिहासकार आपण क्षम्य मानीत नाहीं.

एथून पुढें कथा काळोखी होते. चौथा गट जाऊन ‘ब’ गट आला होता. त्याच्या नियमांनीं केवळ २०० मोटारी बनविल्या कीं पुरें, आणि शक्तीला फारसा लगाम नाहीं. १९८५ च्या २ मे रोजीं कॉर्सिकांत आत्तिलिओ बेत्तेगा ०३७ चालवीत असतां मरण पावला. १९८६ च्या मार्चमध्यें पोर्तुगालांत एक मोटार गर्दींत शिरली आणि प्रेक्षकांचे प्राण गेले. आणि त्याच वर्षीं पुन्हां २ मे, पुन्हां कॉर्सिका: हेन्री तोइव्होनेन व सेर्जिओ क्रेस्तो यांची मोटार दरींत पडून जळाली. ती चारी चाकांची होती. महासंघानें ‘ब’ गट बंद केला आणि १९८७ पासून ‘अ’ गटास, म्हणजे मोठ्या संख्येनें बनणाऱ्या चार आसनांच्या कौटुंबिक मोटारींस, सर्वोच्च स्थान दिलें.

माझ्या मतें जी. टी. मोटारींचा अंत झाला तो येथें, आणि तो चार चाकांच्या गतीनें झाला नसून नियमाच्या एका कलमानें झाला. दोन आसनांच्या मोटारीला अजिंक्यपदाच्या लढतींत घरच उरलें नाहीं. याचा पुरावा असा कीं मागचीं चाकें त्यानंतरहि जिंकलीं. १९८७ सालीं कॉर्सिकाची रॅली बेर्नार बेगँनें बी. एम. डब्ल्यू. एम ३ वर जिंकली आणि १९८८ सालीं दिदिए ओरिओलनें फोर्ड सिएरावर. दोन्ही मागच्या चाकांच्या, पण दोन्हींचें मूळ चार आसनांच्या घरगुती मोटारींत. म्हणून त्यांना दार उघडें राहिलें. कॉर्सिकाचा डांबरी रस्ता कोरडा असला आणि मोटार हलकी असली तर चारी चाकांना गति देणारी यंत्रणा हें जास्तीचें ओझेंच ठरतें, हें त्या दोन वर्षांनीं दाखविलें. १९८८ सालानंतर मात्र मागच्या चाकांना जागतिक रॅलींत विजय मिळाला नाहीं. चारी चाकांच्या मोटारी हलक्या झाल्या, त्यांचें डिफरन्शिअल अधिक हुशार झालें. ही गोष्ट नाकारण्यांत अर्थ नाहीं.

सुमारें पंचवीस वर्षांनीं तें दार पुन्हां किलकिलें झालें. २०११ पासून महासंघानें ‘आर-जी. टी.’ नांवाचा वर्ग नियमांत घातला: दोन चाकांना गति असलेल्या जी. टी. मोटारी, आणि इंजिनाला मिळणाऱ्या हवेवर बंधन घालून शक्तीला आळा. आरंभीं कोणी फारसें फिरकलें नाहीं. पुढें एकेका मोटारीला स्वतंत्र परवाना मिळण्याची सोय झाली, तेव्हां मोठ्या कारखान्याच्या आश्रयावांचूनहि कोणी एखादी मोटार सिद्ध करूं शकला. इंग्लंडांतील रिचर्ड टटहिल यानें आपल्या कार्यशाळेंत पोर्शे ९११ तयार केली आणि २०१४ सालीं जर्मनीच्या रॅलींत स्वतःच चालविली. २०१५ मध्यें या वर्गासाठीं स्वतंत्र चषक सुरू झाला. त्यांत डांबरी रस्त्यांच्याच रॅली होत्या.

त्याचा पहिला मानकरी फ्रांस्वा देलकूर. हा मनुष्य १९९१ सालीं माँटे कार्लो रॅलींत शेवटच्या रात्रीपर्यंत पुढें होता आणि मोटार मोडल्यानें हरला. १९९४ सालीं ती त्यानें जिंकली, आणि त्याच वर्षीं रस्त्यावरील अपघातांत त्याचे पाय जायबंदी झाले. चषक घेतला तेव्हां तो बावन्न ओलांडून गेला होता. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास या आंकड्याचें विशेष वाटलें तर वाचक हंसणार नाहींत अशी आशा आहे. २०१६ चा मानकरी रोमँ द्युमास, ज्यानें त्याच वर्षीं ल मान्सची चोवीस तासांची शर्यतहि पोर्शेच्या चमूंतून जिंकली होती. मग कारखानेहि आले. आबार्थनें आपली १२४ ही उघडी दोन आसनी मोटार ३०० अश्वशक्तीची करून रॅलीला धाडली, आणि आल्पिननेंहि आपल्या नव्या ए ११० ला रॅलीचा साज चढविला. या नव्या आल्पिनचें इंजिन मात्र टोकाला नसून मधें आहे. लंबकाचा झोका तिनें सोडून दिला. जुन्या लोकांना तें आवडलें नसावें. मला विचाराल तर तें शहाणपणाचें झालें.

आतां आक्षेप असा येतो कीं हा सारा तनख्याचा प्रकार आहे. राज्य गेलें, पण पदवी व चषक राहिला. कित्येक रॅलींत या वर्गाच्या मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच असतात, त्या सर्वांच्या आधीं येत नाहींत, मग त्यांच्यासाठीं वेगळें पान कशाला? आक्षेपांत तथ्य आहे. परंतु तनखा मिळणारा संस्थानिक लढत नाहीं. हे लोक त्याच रात्रीं, त्याच बर्फांत, त्याच वळणावरून जातात आणि घड्याळ त्यांना एक सेकंदहि माफ करीत नाहीं. आणि ज्याला १९८७ सालीं कलमानें बाहेर काढलें त्याला २०११ सालीं कलमानेंच आंत घेतलें, तर तो उपकार कसा म्हणावा?

वाल्डेगार्डचें राहिलें. १९७९ सालीं चालकांसाठीं जागतिक अजिंक्यपद प्रथमच ठेवण्यांत आलें तें त्यानें मिळविलें. त्यानंतर बत्तीस वर्षांनीं, २०११ मध्यें, जुन्या मोटारींसाठीं भरणाऱ्या पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलींत तो टटहिलच्या कार्यशाळेंत सिद्ध झालेली पोर्शे ९११ घेऊन उतरला. वय अडुसष्ट. मोटार तीच, जिनें त्याला १९६९ सालीं माँटे कार्लोला नेलें होतें, म्हणजे त्याच जातीची: इंजिन पाठीमागें, ओढ मागच्या चाकांत. खाली खडी आणि लाल माती. तो पहिला आला. २०१४ सालीं तो वारला. आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, जर्मनीच्या द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर, टटहिल आपली नवी पोर्शे चालवीत होता.