लाकडी डंबेल्स आणि लोखंडी बूट

पी.टी.च्या तासाला मुलगे जोर-बैठका काढायचे आणि आपण मुली रंगीत लाकडी डंबेल्स वाजवायचो, हे सगळ्यांना आठवत असेल. आवाज छान यायचा, वजन मात्र जवळजवळ नव्हतंच. मुलींनी जड उचलायचं नाही, असंच सगळे म्हणत. मुलग्यांचे जोर वर्षभरात दहाचे पन्नास होत, पण भार तोच, स्वतःच्या शरीराचा.

आकडा वाढवायचा की वजन, हा प्रश्न अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पुढे आला. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे दुखावलेल्या सैनिकांची गर्दी होती. त्यांना हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावत आणि ते महिनोन्‌महिने तिथेच राहत. थॉमस डीलॉर्म या डॉक्टरने त्यांच्या पायात लोखंडी बूट अडकवले आणि वजन वाढवत नेलं. तरुणपणी मोठ्या आजारातून उठल्यावर तो स्वतः वजनं उचलूनच सावरला होता. 1945 साली त्याने लिहिलं, की थोड्या वेळा जड उचललं तर ताकद येते, हलकं पुष्कळ वेळा उचललं तर दम वाढतो, आणि एकाचं काम दुसरं करत नाही. आपल्या पन्नास जोरांचा हिशेब मला हे वाचल्यावर लागला.

आधी तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करायला लावी. 1948 मध्ये ते तीनवर आले: जेमतेम दहा वेळा उचलता येईल त्या वजनाच्या निम्म्याने सुरुवात, मग पाऊण, मग पूर्ण. 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या झिनोव्हिएफने हे उलटं केलं. थकलेल्या स्नायूवर सगळ्यात जड वजन कशाला, म्हणून आधी पूर्ण, मग कमी कमी. (माझ्यातल्या इंजिनिअरला हेच पटलं होतं.) पण 1954 साली दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या, तर सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

मग रिचर्ड बर्जरने कॉलेजच्या मुलांचे नऊ गट केले. एक, दोन किंवा तीन सेट, प्रत्येकात दोन, सहा किंवा दहा वेळा. आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, बेंच प्रेस. 1962 मध्ये निकाल छापला: तीन सेट, सहा-सहा वेळा, हा गट सगळ्यांत पुढे.

सैनिक काय, कॉलेजकुमार काय, सगळे पुरुषच. जॅक विल्मोर यांनी तरुण मुली आणि मुलगे दोघांना दहा आठवडे वजनं उचलायला लावली. मूळ ताकदीच्या मानाने मुलींची वाढ मुलांपेक्षा कमी नव्हती, आणि त्यांचे दंड काही पैलवानासारखे फुगले नाहीत. हे 1974 साली छापलं गेलं. तेव्हा आपल्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता.

मेळाव्याला पी.टी.चे सर येणार आहेत असं कळलं. त्या डंबेल्सचं वजन किती होतं, ते त्यांना विचारणार आहे.