गाडी तपासणाराची मजुरी

दसरा उलटला की तेरखेड्याला उसंत म्हणून नसते. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांसाठी नावाजलेले. धुळे–सोलापूर महामार्गावरून जाणारी मोटार इथे थांबते, पोरे खाली उतरतात आणि बापाचा खिसा हलका करूनच परत बसतात. माझे मामा या गावचे. त्यांचा एक लहानसा टेम्पो आहे. बाजाराचा माल, किराणा, दुकानदारांची रिकामी खोकी, जे भाडे मिळेल ते वाहायचे. वर्षाची निम्मी कमाई याच दिवसांतली.

गेल्या वर्षी नेमके याच दिवसांत टेम्पोचे पासिंग आले. सरकारी तपासणीला गाडी नेण्यापूर्वी जाणत्याची नजर फिरवून घ्यावी, म्हणून मामांनी ती शहरातल्या एका विक्रेत्याच्या कार्यशाळेत नेली. मीही बरोबर होतो. तासाभरात एका गोड बोलणाऱ्या तरुणाने कागद आणून दिला. सुरक्षा तपासणी, ब्रेकची सफाई, चाकाचे बेअरिंग, ब्रेकचे लायनर आणि शेवटी 'पासिंगची व्यवस्था' अशी एक गूढ ओळ. बेरीज साडेअकरा हजार.

"काका, एवढे केल्याशिवाय गाडी पास व्हायची नाही."

मामा शांतपणे म्हणाले, "हरकत नाही बाळ. पण काढलेला जुना माल तेवढा पोत्यात घालून दे. मोडीत घालीन म्हणतो."

तरुण आत गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा बेअरिंगच्या ओळीवर रेघ ओढलेली होती. "ते अजून वर्षभर चालेल म्हणतात," तो म्हणाला.

मला हसू आले. पण परतीच्या वाटेवर एक प्रश्न मनात घोळत राहिला. चाक बिघडले आहे असे सांगणाऱ्यालाच ते बदलण्याचे पैसे मिळणार असतील, तर त्याच्या सांगण्यावर भरवसा किती ठेवावा? हा प्रश्न काही मोटारीबरोबर जन्मलेला नाही. आपल्या गावगाड्याने त्याला आपल्या परीने एक उत्तर देऊन ठेवले होते.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. त्यात बलुत्याचे जे जग दिसते, तिथे नांगर, कुळव, तिफण दुरुस्त ठेवणे हे सुताराचे वर्षाचे काम आणि सुगीला ठरलेले धान्य हे त्याचे वर्षाचे वेतन. नवे घर बांधायचे तर मजुरी निराळी. पण दुरुस्तीपुरते पाहिले, तर नांगर मोडका ठरवून त्याला एक पायलीही अधिक मिळत नसे. म्हणून तो खोटी मोडतोड दाखवीत नसे. त्याच्याविषयीची तक्रार वेगळीच असे. तो ताटकळत ठेवी! पेरणी तोंडावर आली तरी तिफण त्याच्या अंगणात पडलेली. शिवाय जातीला जखडलेल्या त्या व्यवस्थेचा जाच होताच. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात घ्यायचे, की तपासणाराला दाम कसा मिळतो यावर त्याची नजर ठरते.

पुढे भाड्याची वाहने आली आणि उतारूच्या जिवाची जबाबदारी सरकारने घेतली. मुंबईत घोडागाड्यांसाठी १८६३ सालीच कायदा झाला होता. मोटारींसाठी १९३९ च्या कायद्याने असे ठरवले, की भाड्याने माणसे वा माल नेणाऱ्या गाडीजवळ योग्यतेचे प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणीच वैध मानू नये. १९८८ च्या कायद्याने हे तत्त्व कायम ठेवले. आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो ते हेच. अशा रीतीने गाडीवर दोन नजरा आल्या. एक सरकारी निरीक्षकाची, दुसरी कारखानदाराच्या वा मिस्त्रीची. पहिली नापास करील या भीतीवर दुसरीचा धंदा चालू लागला.

मिस्त्रीच्या या नजरेची परीक्षा अमेरिकेत एकदा मोठ्या गमतीने घेतली गेली. १९४१ साली 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाचे पाहणी करणारे मोटार घेऊन देशभर हिंडले. गाडी ठणठणीत, फक्त इंजिनातल्या कॉइलची एक तार मुद्दाम सुटी केलेली. गॅरेज आले की भोळा चेहरा करून विचारायचे, "काय झालंय हो?" अशी ३४७ गॅरेजे त्यांनी पाहिली. त्यांतल्या २१८ जणांनी नसते काम काढले किंवा नसते पैसे लावले. परंतु वाचकहो, उरलेल्या १२९ जणांनाही विसरू नका. त्यांना कुणी पाहत नव्हते, तरी ते सरळ वागले. मिस्त्रीची जात अप्रामाणिक नाही; मोह मात्र खरा आहे. पुढे १९७१ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला, की दुरुस्तीपूर्वी खर्चाचा लेखी अंदाज द्यावा आणि मागितल्यास काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत करावेत. म्हणजे आमच्या मामांचे पोते तिकडे कायद्यात जाऊन बसले आहे!

जर्मनीची वाट निराळी. १८६५ साली मॅनहाइम शहरातल्या बियरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन बॉयलर तपासणारी स्वतःची संस्था काढली. बॉयलर विकणे किंवा दुरुस्त करणे हे तिचे काम नव्हे. फक्त पाहायचे आणि खरे ते सांगायचे. अशाच संस्थांच्या परंपरेतून पुढे मोटारी तपासणारी मंडळे उभी राहिली आणि १९५१ पासून तिथे मोटारींची ठराविक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. इंग्लंडने १९६० साली तपासणी सुरू केली ती खाजगी गॅरेजांकडेच सोपवून. तिथे तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असू शकतो. पण तपासणीच्या शुल्काची कमाल मर्यादा सरकार ठरवते आणि नापास झालेल्याला दाद मागता येते.

आपल्याकडे काय झाले? पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की गाड्या नीट न तपासताच प्रमाणपत्रे दिली जातात. ब्रेक पाहायचा तर गाडी पळवून पाहिली पाहिजे. त्यासाठी अडीचशे मीटरांचा मार्ग हवा. असा मार्ग जिथे नाही, तिथे प्रमाणपत्र देऊ नये, असे न्यायालयाने २०१७ साली बजावले. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने यंत्राने गाड्या तपासणाऱ्या केंद्रांचे नियम केले. त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते. अशा केंद्राने केवळ तपासणी करावी. गाड्यांची दुरुस्ती किंवा गाड्यांची व सुट्या भागांची विक्री करू नये. मॅनहाइमचा धडा दीडशे वर्षांनी आपल्या नियमांत उतरला.

मात्र पासिंगच्या आधी विक्रेत्याच्या कार्यशाळेत जी खाजगी तपासणी होते, तिला ही अट लागू नाही. तिथे गिऱ्हाइकाने स्वतःच जागे राहायचे. या जागेपणाचीही महाराष्ट्रात परंपरा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यात, केलेल्या कामाचे बिल वा पावती न देणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. शिवाय ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे गाडी कुठेही दुरुस्त होवो, तेरखेड्याच्या माणसाला धाराशिवलाच दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही पडत नाही.

मामांना यातले एकही कलम ठाऊक नव्हते. त्यांनी 'पासिंगची व्यवस्था' या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "याची पावती कुणाच्या नावाची देशील, बाळ?" तरुण थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने तीही ओळ खोडली. लायनर मात्र खरोखरच झिजले होते. ते मामांनी हातात घेऊन पाहिले आणि त्याचे पैसे एक रुपया न घासता मोजून दिले. उतारावर माल भरलेली गाडी थांबवणारी ती वस्तू. तिथे काटकसर कसली?

टेम्पो पास झाला, हंगाम साधला. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मामांनी गाडीच्या चाकाला हळदकुंकू वाहिले. बाजूला पोते होते आणि त्यात ते झिजलेले लायनर. मी विचारले, "मोडीत घालणार होता ना?"

"राहू दे," मामा म्हणाले. "पुढच्या वर्षीही तोच पोरगा असेल. आठवण म्हणून दाखवायला नेईन."