मध्यफळीचा मानकरी : फॉर्च्युनातो फ्रँको

इतिहास बहुधा कळसाचा लिहिला जातो. पायाच्या दगडांची नोंद क्वचितच होते. इमारतीच्या बाबतींत जें खरें, तेंच खेळाच्या बाबतींतही खरें आहे. गोल कोणीं केला, हें दुसऱ्या दिवशींचें वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत सांगतें. परंतु तो चेंडू त्याच्या पायापर्यंत कोणीं आणून पोंचविला, हें विचारण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. फुटबॉलच्या खेळांत हें न विचारलें जाणारें काम ज्यानें आयुष्यभर निष्ठेनें केलें, अशा एका गोमंतकीय खेळाडूचा अल्प परिचय जुन्नर-आंबेगांवच्या वाचकांस, विशेषतः तरुण वाचकांस, करून द्यावा, असा या लेखाचा हेतु आहे. त्या खेळाडूचें नांव फॉर्च्युनातो फ्रँको.

आपल्या या दोन तालुक्यांत कुस्ती आणि कबड्डी यांचा मान जुना. क्रिकेटनें मागाहून येऊन आपला वांटा घेतला. फुटबॉलचा परिचय त्या मानानें थोडा. यास्तव मध्यफळी म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. संघांत खेळाडू अकरा. एक गोल राखणारा, त्याच्यापुढें बचावफळी, अगदीं पुढें आघाडीची फळी, आणि या दोहोंच्या मध्यें उभे राहणारे ते हाफ-बॅक, म्हणजेच मध्यफळीचे खेळाडू. प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घेणें, क्षणभर तो आपल्या ताब्यांत ठेवणें, आणि ज्या सोबत्यापुढें मोकळी जागा असेल त्याच्याकडे तो अचूक धाडणें, हें त्यांचें कर्तव्य. कुकडीच्या आणि घोडच्या कांठीं शेती करणाऱ्यांस हें समजावयास अवघड नाहीं. रात्रीं कंदील घेऊन दारें धरणारा मनुष्य एका वाफ्याचें तोंड मातीनें बंद करतो, दुसऱ्याचें उघडतो, आणि पाणी जेथें पाहिजे तेथें वळवितो. पीक बाजारांत जातें तेव्हां त्याचें कौतुक होतें. दारें धरणाऱ्याची आठवण कोणास होत नाहीं. तथापि त्यानें एक रात्र डोळा लावला, तर अर्धें शेत कोरडें राहतें आणि अर्धें वाहून जातें. हाफ-बॅकची योग्यता नेमकी हीच.

फ्रँको यांचा जन्म १९३७ सालीं गोमंतकांत झाला. त्या काळीं तेथें पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि पोटासाठीं मुंबईची वाट धरणें हा तेथील शेंकडों कुटुंबांचा परिपाठ होता. कोणी आगबोटीवर खलाशी होई, कोणी खानसामा, कोणी वाजंत्री, कोणी कारकून. धोबी तलावाच्या आसपास गांवोगांवच्या नांवांनीं चालणाऱ्या त्यांच्या ‘कुडी’ प्रसिद्ध होत्या. हीं माणसें मुंबईस येतांना आपल्या प्रार्थना, आपलें संगीत आणि आपला फुटबॉल बरोबर घेऊन आलीं. मुंबईंत या खेळास अनुकूल भूमीही होती. १८९१ सालीं सुरू झालेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथेंच भरे, आणि कूपरेजचें मैदान तर खेळाडूंचें माहेरच होतें. याच मुंबईच्या फुटबॉलमधून फ्रँको पुढें आले.

त्या काळच्या खेळाडूची स्थिति आजच्या धंदेवाईक खेळाडूहून अगदींच निराळी होती. केवळ खेळावर पोट भरण्याची सोय तेव्हां आपल्या देशांत नव्हती. रेल्वे, गिरण्या, बँका आणि मोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगीत व खेळाडूंस नोकरी देत. पगार नोकरीचा, आणि नांव मैदानावरचें, असा तो व्यवहार होता. फ्रँको मुंबईच्या टाटा संघाकडून खेळले. याच संघाचे नेव्हिल डिसोझा हेही गोमंतकीयच. त्यांनीं १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारतास ४-२ असा जय मिळवून दिला, आणि भारत त्या स्पर्धेंत चौथा आला. नेव्हिल आघाडीचे खेळाडू. त्यांचे तीन गोल अजून सांगितले जातात. फ्रँको यांच्या वांट्यास तशी गणती आली नाहीं, कारण त्यांच्या कामाची गणती करतां येत नाहीं.

१९५९ पासून १९६६ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धांत ते आपल्या राज्याच्या संघाकडून खेळले. १९६३-६४ च्या हंगामांत महाराष्ट्रानें संतोष चषक जिंकला, त्या संघांत ते होते. त्यापूर्वीं, १९६० सालीं, रोम येथील ऑलिंपिकसाठीं निवडलेल्या भारतीय पथकांत त्यांचा समावेश झाला होता. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गोमंतक मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्यें. म्हणजे ज्या भूमींत फ्रँको जन्मले ती भारतांत सामील होण्यापूर्वींच ते भारताचे म्हणून रोमला गेले होते. तेथें भारत हंगेरीकडून १-२ असा हरला, फ्रान्सशीं १-१ असा बरोबरींत राहिला आणि पेरूकडून १-३ असा पराभूत झाला. तरीही युरोपांतील नामांकित संघांस झुंजविणारा संघ, अशी त्याची कीर्ति झाली.

त्यांच्या जीवनांतील परमोच्च प्रसंग मात्र १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत आला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आणि कर्णधार चुनी गोस्वामी. आरंभ शुभ झाला नाहीं; पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास २-० असें हरविलें. पुढें थायलंडवर ४-१, जपानवर २-० आणि उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असे विजय मिळवून भारत अंतिम सामन्यास पोंचला. समोर पुन्हां तोच दक्षिण कोरियाचा संघ होता.

इतक्यांत मैदानाबाहेर एक वादळ उठलें होतें. यजमान इंडोनेशियानें इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंस येऊं दिलें नव्हतें. भारताचे प्रतिनिधि गुरुदत्त सोंधी यांनीं त्यास हरकत घेतली आणि या खेळांस आशियाई खेळ म्हणूं नये, असें मत मांडलें. त्यामुळें जनता क्षुब्ध झाली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा वातावरणांत ४ सप्टेंबर रोजीं आमचे अकरा जण त्या विशाल क्रीडागारांत उतरले. राष्ट्रगीताच्या वेळींही प्रेक्षकांचा आरडाओरडा थांबला नाहीं. ज्यानें आवाज केला नाहीं असा प्रेक्षक त्या दिवशीं विरळाच. आणि तो आवाज सगळा आपल्याविरुद्ध.

अशा वेळीं कसोटी लागते ती मध्यफळीची. लोकांच्या आरडाओरड्यानें जो गांगरतो तो चेंडू घाईनें कोठेंही मारतो, आणि मग संघाची वीण उसवते. त्या दिवशीं मध्यें फ्रँको आणि बंगालचे प्रशांत सिन्हा होते. बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्यास अगोदरच्या सामन्यांत जखम झाली होती, म्हणून रहीम यांनीं त्यांस आघाडीस धाडलें होतें. त्यामुळें मागची बाजू सांभाळण्याची जोखीम इतरांवर अधिकच पडली. सतराव्या मिनिटास पी. के. बॅनर्जी यांनीं पहिला गोल केला, आणि विसाव्या मिनिटास जर्नेल सिंग यांनीं दुसरा. त्यानंतर एक तासाहून अधिक वेळ ती आघाडी राखावयाची होती. सामना संपत आला असतां कोरियानें एक गोल परत केला. पण भारत २-१ असा जिंकला. सुवर्णपदक मिळालें. १९५१ च्या दिल्लीच्या पदकानंतरचें हें दुसरें, आणि आजवरचें शेवटचें. दोन गोलांची मिनिटें पुस्तकांत छापलेलीं आहेत. राखलेल्या मिनिटांचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं.

रहीम पुढल्याच वर्षीं, जून १९६३ मध्यें, निवर्तले. १९६४ सालीं इस्राएल येथें झालेल्या आशिया चषकाच्या स्पर्धेंत भारतास दुसरें स्थान मिळालें. त्या पथकांतही फ्रँको होते. पुढें गोमंतकांतील साळगांवकर संघाशीं त्यांचें नांव निगडित झालें.

फ्रँको यांच्यामागून काळ बदलला. १९९६ सालीं राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि फुटबॉल हा कांहींजणांचा पूर्ण वेळेचा धंदा बनला. गोमंतकाचेच क्लायमॅक्स लॉरेन्स हे या नव्या पिढींतील मध्यफळीचे खेळाडू. डेंपो संघाचे ते आधार होते. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकांत अफगाणिस्तानविरुद्ध अगदीं शेवटच्या क्षणीं त्यांनीं केलेल्या एकमेव गोलानें भारत तरला, आणि तो चषक जिंकून २०११ च्या आशिया चषकास पात्र ठरला. सत्तावीस वर्षांनीं भारताचा तेथें प्रवेश झाला. धंदा झाला म्हणून निश्चिंती आली, असें मात्र नव्हे. मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २०१० सालीं बंद झाला. साळगांवकर आणि डेंपो यांनीं २०१६ सालीं राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें. फ्रँको यांच्या पिढीस मैदान सुटल्यावर निदान नोकरीचें टेबल होतें. आजच्या खेळाडूचा करार संपला कीं त्याचा आधारही संपतो. आपल्या मुलांनीं या वाटेस जावें कीं न जावें, हें ठरवितांना आईबापांनीं दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत.

१० मे २०२१ रोजीं, महामारीची दुसरी लाट ऐन भरांत असतां, फॉर्च्युनातो फ्रँको यांनीं या जगाचा निरोप घेतला. पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी आदल्याच वर्षीं गेले होते. तुलसीदास बलराम २०२३ सालीं गेले. जकार्ताचा तो संघ असा एकेक करून पांगला.

वाचकहो, ज्युबिलीच्या वर्षीं आपण संगमरवरावर नांवें कोरतों, आणि तें योग्यच आहे. तथापि डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बाया, वर्षानुवर्षें घंटा वाजविणारा सेवक, सणाच्या आदल्या रात्रीं जागून मंडप बांधणारीं पोरें, हीं आपली मध्यफळी होय. त्यांपैकीं जीं हयात आहेत त्यांच्या घरीं जाऊन त्यांचीं नांवें आणि त्यांच्या आठवणी तरुणांनीं या वर्षींच वहींत उतरून घ्याव्यात. पुढल्या ज्युबिलीपर्यंत त्या सांगणारें कोणी उरेलच, असें नाहीं.