सव्वातीन मिनिटांचे गंधर्व

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. मराठी नाटक पहिल्यांदा घरात आलं ते या मापाने. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि माणसं उजाडताना घरी परतायची. पुढे पदं कमी झाली, पण एकेक पद लांबत गेलं. बालगंधर्व रंगात आले, मागे थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असली, आणि पिटातून ‘वन्समोअर’ सुरू झाले, की घड्याळ कोण बघतो? अशा पदाला तबकडीवर बसवायचं तर कात्री लावावीच लागायची. अंतरा आला न आला तोच सुई आतल्या कड्यात पोचलेली असे.

माझे आजोबा गंधर्वभक्त. त्यांचं म्हणणं असं, की रेकॉर्डवरचे बालगंधर्व म्हणजे जेवायला बोलावून नुसता मसालेभाताचा वास देणं. त्यांनी ‘स्वयंवर’ आणि ‘एकच प्याला’ थिएटरात पाहिलेले. तरीही आमच्या सांगलीच्या वाड्यात फोनो आणला तो त्यांनीच, आणि पिनांची डबी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली तीही त्यांनीच.

तो फोनो पेटीचा होता, कर्ण्याचा नव्हे. झाकण उघडून मागे टेकवायचं, उजव्या बाजूच्या भोकात हँडल घालायचं आणि चावी भरायची. फार भरली तर स्प्रिंग तुटते म्हणून आम्हा मुलांना हात लावायची बंदी. पोलादी पिनांची ती डबी टिनाची, काड्यापेटीएवढी, झाकणावर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा. एका बाजूला एक पिन वापरायची आणि टाकून द्यायची, असा कंपनीचा दंडक. आजोबा पडले कारकून. ते वापरलेली पिन पाटावरवंट्याच्या कडेला घासून पुन्हा लावायचे. त्या काटकसरीचा परिणाम आज त्या तबकड्या लावल्या की खरखरीतून ऐकू येतो. तबकडी लाखेची, हातातून पडली की खापरासारखे तुकडे. आणि मध्येच चावी संपली, की सुभद्रेचा आवाज खाली खाली उतरत थेट भीमाचा व्हायचा. मग आत्या स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत यायची, तिला तेवढा अधिकार होता.

आजीची गोष्ट वेगळी. नाटकगृहात बायकांना बसायला वेगळी जागा असे, पण आमच्यासारख्या घरातून तिथवर पाठवतंय कोण! ज्यांच्या शालूची आणि केसांतल्या गजऱ्याची नक्कल उभ्या महाराष्ट्रातल्या बायका करत होत्या, त्या बालगंधर्वांना आजीने रंगभूमीवर कधीच पाहिलं नाही. तिची रुक्मिणी, तिची भामिनी, तिची सिंधू सगळी कानाने ओळखीची. तिच्या ट्रंकेत पदांची पुस्तकं होती. नाटकगृहात विकली जाणारी, पातळ, पिवळ्या पडलेल्या कागदाची; आजोबा प्रयोग बघून येताना घेऊन यायचे. तबकडी लागली की ती ते पुस्तक मांडीवर घेऊन बसे आणि रेकॉर्डने गाळलेला अंतरा स्वतःच्या आवाजात, दळण निवडता निवडता पुरा करी. आजोबांनी हे कधी कौतुकाने सांगितलं नाही. मला मात्र वाटतं, घरातल्या नाटकाचा खरा प्रयोग तोच होता.

या कात्रीतून काय वाचलं आणि काय गळालं ते बघण्यासारखं आहे. पद वाचलं, गद्य गळालं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ने ब्रिटिश सरकारला इतकं बेचैन केलं की १९१० साली त्यावर बंदी आली, पण ते नाटक गद्य, फोनोवर लावायला त्यात पदच नव्हतं. त्याच खाडिलकरांचं १९११चं ‘मानापमान’ गोविंदराव टेंब्यांच्या चालींमुळे घरोघर पोचलं. देवल आमचे शेजारचे, हरिपूरचे. त्यांनी ‘शारदे’त जरठ-बाला विवाहावर केवढे आसूड ओढले, पण घरात उरली ती त्यातली गाणी. आपण ज्याला आज ‘नाट्यसंगीत’ म्हणतो, नाटकापासून सुटलेलं, सोफ्यावर बसून ऐकायचं, मैफलीच्या शेवटी गायचं, ते घडवण्यात या सव्वातीन मिनिटांचा हात चाली बांधणाऱ्या भास्करबुवा बखल्यांच्या हाताइतका नसला तरी बराच आहे. पद कोण कुणाला कशासाठी म्हणतंय हे ठाऊक नसलेली पण पद तोंडपाठ असलेली माणसं माझ्या नात्यात डझनाने सापडतील.

मग बोलपट आला. १९३१ला ‘आलम आरा’, पुढच्या वर्षी मराठीत ‘अयोध्येचा राजा’. नाटकगृहांत सिनेमाचे पडदे लागले. कंपन्या कर्जात बुडाल्या, आणि खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ होऊन उभे राहिले, लुगडं सोडून. मास्टर दीनानाथांची बलवंत मंडळीही टिकली नाही. ती मंडळी सांगलीत राहत असतानाच्या आठवणी आमच्या गल्लीतले म्हातारे रंगवून सांगत, त्यातल्या अर्ध्या खऱ्या असतील. कंपन्या मोडल्या तरी घरातल्या तबकड्या फिरत राहिल्या. नाटक बघणं थांबलं त्या काळात नाटक ऐकणं थांबलं नाही.

रेडिओने गद्य परत आणलं. माझं बालपण त्यातलं, त्यामुळे मी थोडी पक्षपाती आहे, पण घरात नाटक सगळ्यात उत्तम कुठे रंगलं असेल तर रेडिओवर, असं माझं ठाम मत आहे. मुंबई केंद्र १९२७ सालचं, पुणे केंद्र १९५३चं. पुण्याला व्यंकटेश माडगूळकर होते, काही काळ पु. ल. देशपांडेही होते, म्हणजे लिहिणारी माणसं पगारावर बसलेली होती आणि माइकसाठीच लिहीत होती. तीन तासांचं नाटक तासाभरात बसवताना त्यांनी मुद्दा सोडला नाही. रंगमंचावर नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकतो. माइकपुढे तसं बोलला तर श्रोता दचकेल. म्हणून रेडिओच्या नटांनी कुजबूज शिकून घेतली. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू ही माणसं आम्हाला चेहऱ्याने ठाऊक नव्हती, पण ‘पुन्हा प्रपंच’ लागलं की शेजारी येऊन बसल्यासारखी वाटायची. आमच्या घरी रेडिओ फळीवर उंच, वर क्रोशाचं झाकण. त्याचं लायसन्स पोस्टात पैसे भरून दरवर्षी नवं करावं लागे आणि ते पुस्तक वडील रेशनकार्डाच्या जोडीला ठेवत.

१९५६ पासून आकाशवाणीने नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. महिन्यातून एकदा एखाद्या भाषेतलं नाटक बाकीच्या भाषांत उतरवून सगळीकडे एकाच रात्री लावायचे. बंगाली, कन्नड, तमिळ नाटकं आम्ही अशी ऐकली, मराठीत, सांगलीत, अंथरुणं घालून झाल्यावर. आई दिवा मालवायची, विजेचं बिल हे एक कारण, पण अंधारात नाटक जास्त दिसतं हे तिलाही कळत होतं. वडील आडवे पडून ऐकत आणि खलनायकाला मध्येच उत्तर देत. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तला घनश्याम त्यांना पाठ होता. रेडिओवरचा नट एखादं वाक्य गाळून पुढे गेला, की वडील ते वाक्य मोठ्याने भरून काढायचे आणि तोवर पुढची दोन वाक्यं आम्हा सगळ्यांची बुडायची.

लग्न होऊन मी गिरगावात चाळीत आले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं. आमच्या मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही, लाकडी सरकत्या दारांचा. सासूबाई दुपारीच आपली चटई नेऊन टाकत. विनायक चासकर, याकूब सईद, विजया जोगळेकर अशी नाटकाची जाण असलेली मंडळी निर्माते होती, त्यामुळे ‘गजरा’त असो की ‘चिमणराव’मध्ये, नट नाटकातले आणि पकडही नाटकाचीच. पण पूर्ण नाटक दाखवत तेव्हा एक गंमत व्हायची. स्टुडिओत बहुतेकदा प्रेक्षक नसत. विनोदी वाक्य टाकून नट सवयीने हशासाठी थांबे, आणि समोर नुसते कॅमेरे. ती रिकामी जागा पडद्यावर स्पष्ट दिसायची. ती भरायचं काम चाळीचं. खोलीत पंचवीस माणसं, दारात दहा, गॅलरीच्या खिडकीला लोंबकळलेली पोरं, आणि हशा इतका की पुढचं वाक्य ऐकूच येत नसे. मामंजी ओरडायचे, “अरे गप्प बसा, तो थांबणार नाहीये आपल्यासाठी!” दादरच्या शिवाजी मंदिरात नट थांबतो. टीव्हीतला थांबत नाही. नाटक घरी आणल्यावर जे गमावतो, ते मामंजींनी एका वाक्यात सांगितलं होतं.

जे गमावतो त्यात नजर हाही एक भाग. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग १९६२ साली दिल्लीत झाला, आणि त्या नाटकाची अर्धी मजा फिरत्या रंगमंचात आणि प्रभाकर पणशीकरांनी चुटकीसरशी बदललेल्या वेशांत होती. थिएटरात बसलेला माणूस मनात हिशेब करतो, आत गेला कधी आणि बाहेर आला कधी! पडद्यावर दृश्य तुटून जोडलं जातं, तिथे कुणीही कितीही वेश बदलू शकतो, नवल वाटत नाही. उलट ‘नटसम्राटा’तल्या अप्पा बेलवलकरांचा चेहरा जवळून दिसणं हा टीव्हीचा फायदा म्हणायला हवा. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत आम्हाला डॉ. लागूंचा आवाज यायचा, डोळे येत नसत.

कॅसेटने फार काही बदललं नाही. पुलंचं कथाकथन घरोघर पाठ झालं आणि नाट्यपदं पुन्हा एकदा नाटकाविना फिरू लागली, एवढंच. व्हीसीडीचं मात्र सांगते. एका चकतीवर तासाभराहून थोडं जास्त मावे, म्हणून नाटक दोन किंवा तीन चकत्यांवर कापलेलं. अंकाचा शेवट कुठे आहे याची पर्वा कापणाऱ्याला नव्हती. एका विनोदी नाटकाच्या संचात बायको नवऱ्याला “तुम्ही काल रात्री” एवढं म्हणते आणि चकती संपते. दुसरी चकती शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. ती मुलाने चहाच्या कपाखाली ठेवली होती.

२०२० साली नाटकगृहं बंद झाली तेव्हा हृषीकेश जोशींच्या ‘नेटक’ने कलाकारांना आपापल्या घरून ‘मोगरा’ करायला लावलं. म्हणजे आता नट घरी आणि प्रेक्षकही घरी. मी तिकीट काढून पाहिलं. नेटवर्क एकदा अडकलं, पण समोर आत्ता, याच क्षणी कुणीतरी काम करतंय, चुकलं तर चुकणार आहे, ही धाकधूक खरी होती. चित्रमुद्रित नाटकात ती कधीच नसते.

आता नातवंडं टीव्हीवर यूट्यूब लावून देतात. ‘कट्यार काळजात घुसली’ त्यांनी आधी २०१५ चा सिनेमा म्हणून पाहिली. दारव्हेकरांचं नाटक १९६७ सालचं आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, हे त्यांना मागाहून कळलं. तक्रार नाही. मोठा नातू मात्र रिमोट हातात घेऊन संथ भाग पळवतो. परवा ‘सौभद्र’ लावलं तर तो नांदी पळवायला निघाला. मी रिमोट काढून घेतला. नांदी पुरी होईस्तोवर पळवायचं नाही, मध्यंतराआधी थांबवायचं नाही, हे दोन नियम आमच्याकडे आहेत. मध्ये बोलायला मुभा आहे, कारण ते आमच्या घरात कुणाला कधीच जमलेलं नाही. मध्येच नातवाने विचारलं, “आजी, अर्जुनाला सुभद्रेशी लग्न करायचंय तर हा गोसावी होऊन का आलाय?” सूनबाईने उत्तर द्यायला सुरुवात केली, माझ्या मुलाने ते दुरुस्त केलं, मी दोघांना दुरुस्त केलं, आणि त्या गडबडीत पडद्यावरचं पद संपून गेलं. मग ते मागे नेऊन पुन्हा लावलं. ही सोय आजोबांकडे नव्हती. त्यांना त्यासाठी पिन पुन्हा घासावी लागली असती.