एका टायरोसिनसाठी घडवलेले प्रथिन

पेशीत इलेक्ट्रॉनांची ने-आण करतात ते धातू आणि काही खास सहघटक, प्रथिनाची साखळी त्यांना फक्त धरून ठेवते, अशी जीवरसायनशास्त्राची बराच काळ धारणा होती. या धारणेला १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये तडा गेला. आरएनएच्या घटकांपासून डीएनएचे घटक तयार करणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर तपासताना अँडर्स एहरेनबर्ग आणि पेटर राइशार्ड यांना १९७२ मध्ये जोडीविना उरलेल्या इलेक्ट्रॉनाची, म्हणजेच रॅडिकलची, खूण सापडली. पुढे ब्रिट-मारी श्योबेर्ग आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंना ड्युटेरियमयुक्त टायरोसिन पुरवले आणि ती खूण बदलली. रॅडिकल खुद्द टायरोसिनवर होते, म्हणजे साखळीतले एक साधे अमिनो आम्ल रसायनाच्या केंद्रस्थानी होते. १९८७ मध्ये ब्रिजेट बॅरी आणि जेराल्ड बॅबकॉक यांनी प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन करणाऱ्या फोटोसिस्टिम दोनमध्येही टायरोसिनचे रॅडिकल असल्याचे दाखवले.

या शोधांमुळे उभा राहिलेला प्रश्न सोडवायला निसर्गातली विकरे अपुरी पडली, आणि म्हणूनच प्रथिन नव्याने घडवण्याची पद्धत अपरिहार्य ठरली, असे या इतिहासाकडे पाहताना मला ठामपणे वाटते. टायरोसिनमधून इलेक्ट्रॉन काढायला किती विभव लागतो? आजूबाजूच्या प्रथिनामुळे तो किती बदलतो? रिडक्टेजमध्ये हे मोजणे कठीण आहे. तिथे लोहाची जोडी आहे आणि टायरोसिने अनेक आहेत. शिवाय रॅडिकलपासून अभिक्रियेच्या जागेपर्यंतचे सुमारे ३५ अँगस्ट्रॉमचे अंतर इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने कापतो. पाण्यात विरघळवलेले सुटे टायरोसिनही उपयोगी पडत नाही. त्याचे रॅडिकल दुसऱ्या रॅडिकलशी चटकन जोडले जाते, आणि विभवाचे विश्वासार्ह मापन करायचे तर अभिक्रिया उलट फिरेपर्यंत ते टिकायला हवे.

यातून वाट निघाली ती फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. इलेक्ट्रॉन-वहनाच्या अभ्यासाची तिथली परंपरा जुनी होती. डॉन डेव्हॉल्ट आणि ब्रिटन चान्स यांनी १९६६ मध्येच दाखवले होते की प्रकाशसंश्लेषी जिवाणूतला सायटोक्रोम अतिशीत तापमानालाही इलेक्ट्रॉन देत राहतो. दरम्यान १९८८ मध्ये लिन रीगन आणि विल्यम डीग्राडो यांनी चार सर्पिलांचे प्रथिन कागदावर आखून प्रत्यक्षात उतरवले होते. या दोन धाग्यांतून १९९९ मध्ये सेसिलिया टॉमॉस, लेस्ली डटन आणि सहकाऱ्यांनी ६५ अमिनो आम्लांचे, तीन सर्पिलांचे प्रथिन घडवले. त्यात धातू नव्हता. टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन एकच होते आणि तेही ३२ व्या स्थानी, पाण्यापासून दूर, गाभ्यात. विद्युतप्रवाहाने इलेक्ट्रॉन निघाला तर तो कुठून निघाला याबद्दल शंकेला जागाच उरली नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. हे प्रथिन कोणतेही जैविक काम करत नाही आणि उत्क्रांतीतून घडलेले नाही, मग त्यावरची मोजमापे जिवंत विकराला कशी लावायची? ती तशीच लावता येत नाहीत, हे मान्य करायलाच हवे. पण नैसर्गिक विकर टायरोसिनला किती वेगळे वागायला लावते हे कळण्यासाठी आधी साध्या प्रथिनातले त्याचे वागणे माहीत हवे. तो पाया नसेल तर हायड्रोजन बंध, विद्युतभार आणि पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, याबद्दल केवळ अंदाजच करता येतात.

नैसर्गिक विकरातच एकेक अमिनो आम्ल बदलून पाहावे, असा दुसरा पर्याय सुचवला जातो, आणि तो पोकळ नाही. जोॲन स्टब यांच्या गटाने रिडक्टेजमध्ये कृत्रिम टायरोसिने बसवून इलेक्ट्रॉनाचा मार्ग उलगडला, हे या क्षेत्रातले थोर काम आहे. मात्र त्या पद्धतीने मार्ग कळतो. एकाच अमिनो आम्लाचा स्वतंत्र विभव मोजायचा तर साधी चौकटच लागते. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत.

त्या चौकटीने काय दिले, ते २०१२ मध्ये दिसले. घडवलेल्या प्रथिनातील टायरोसिनचे पूर्णपणे प्रतिवर्ती, म्हणजे अभिक्रिया उलटही फिरवून केलेले, मापन झाले. ८.४० पीएचला विभव ९१८ मिलिव्होल्ट आला आणि रॅडिकल किमान ३० मिलिसेकंद टिकते असा हिशेब निघाला. ३० मिलिसेकंद क्षुल्लक वाटतील, पण धातू किंवा खास रचनेच्या मदतीशिवाय केवळ नीट घडी पडलेले प्रथिन रॅडिकलला इतके संरक्षण देऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. रिडक्टेजमध्ये असे रॅडिकल थंड तापमानाला कित्येक दिवस टिकते. या दोन काळांमधली तफावत ही त्या विकराच्या खास रचनेची कमाई आहे, आणि आता ती मोजून सांगता येते. हायड्रॉक्सियुरियासारखे औषध नेमके याच टायरोसिनच्या रॅडिकलला निष्प्रभ करून पेशींची वाढ रोखते, म्हणून या मोजमापांचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. निसर्गाची गुंतागुंत समजून घेण्यासाठी आधी साधेपणा स्वतःच्या हातांनी घडवावा लागतो. मूलभूत संशोधनाला वेळ आणि पैसा देताना समाजाने हे ध्यानात ठेवावे.