गुणहीन चूर्णाचा उपकार

जडलेल्या रोगावर उपाय करणें हा वैद्यकाचा जुना धर्म. परंतु धडधाकट माणसाला हृदयविकार जडूंच नये म्हणून औषध द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न अर्वाचीन होय. त्याच्या उत्तरासाठीं स्टॅनफर्ड, आयोवा, जॉन्स हॉपकिन्स इत्यादि विश्वविद्यालयांच्या चिकित्सालयांसह उत्तर अमेरिकेंतील बारा केंद्रांनीं १९७३ सालीं एक दीर्घ प्रयोग आरंभिला.

रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक असलेले, ३५ ते ५९ वयाचे ३,८०६ पुरुष निवडण्यांत आले. पैकीं १,९०६ जणांस कोलेस्टिरामीनचें चूर्ण, व उरलेल्या १,९०० जणांस तसेंच दिसणारें, पण गुणहीन चूर्ण मिळे. कोणाच्या पुडींत काय, हें ना घेणाऱ्यास ठाऊक, ना देणाऱ्या वैद्यास. सरासरी सात वर्षांहून अधिक काळ हा नेम चालला.

१९८४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका किंवा त्यानें मृत्यु आला तो औषध घेणाऱ्यांपैकीं १५५ जणांस, इतरांपैकीं १८७ जणांस. सर्व कारणांनीं झालेले मृत्यु मात्र ६८ व ७१, म्हणजे जवळजवळ सारखेच. तरीहि कोलेस्टेरॉल उतरविल्यानें हृदयाचें रक्षण होतें, ह्या मतास येथें भक्कम आधार लाभला.

मला स्मरण होतें तें त्या १,९०० जणांचें. त्यांच्यावांचून १५५ ह्या आंकड्यास अर्थच नव्हता. तुलनेला दुसरा आंकडा नसेल तर पहिला मुका, हें मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. पण त्या दुसऱ्या आंकड्यामागें माणसें उभीं असतात, हें मी ह्या इतिहासापासून शिकलों.